घरची गोष्ट आणि चारचौघांतले हसू

आमच्या घरी दिवाळीत करंज्या होत, परंतु त्या आमच्या घरी तळल्या जात नसत. सारण आमच्याच चुलीवर भाजले जाई, पीठ आमच्याच पाट्यावर कुटले जाई. पाऱ्या लाटून, भरून, कातण्याने कातून करंज्या ओल्या फडक्याखाली परातीत मांडल्या, की ती परात, तुपाचा डबा आणि झारा घेऊन घरातील बायका शेजारी जात आणि तेथल्या चुलीवर करंज्या तळून परत येत. चकल्या, कडबोळी, शंकरपाळे यांना ही अट नव्हती. बंदी काय ती करंजीला. शेजारच्या घरातील लहान मुलांना ह्या वहिवाटीचे एवढेच महत्त्व वाटे, की परात परत जाताना चार करंज्या त्यांच्याकडे राहत.

ही चाल का पडली, याविषयी आमच्या घरात एकमत नव्हते. थोरले काका सांगत, की पणजोबा मोठे चौकस. करंजी नीट फुगते की नाही हे पाहण्यासाठी ते कढईवर वाकले, उजव्या बाजूची मिशी होरपळली आणि भाऊबीजेपर्यंत त्यांना तोंडाला उपरणे लावून हिंडावे लागले. मधल्या काकांना हा इतिहास मान्य नव्हता. त्यांच्या मते एक करंजी तुपात फुटून तिचे सारण उपाध्यायांच्या टकलावर उडाले आणि त्यांनी तेथल्या तेथे शाप दिला. फराळाच्या वेळी दोघांचा हा वाद दरवर्षी नव्याने होई, दरवर्षी त्यात एखादा तपशील वाढे, आणि जमलेले पाहुणे त्याची परतफेड आपापल्या घरच्या गोष्टींनी करीत. कोहळ्याला पहिली चीर पुरुषाने द्यावयाची, हा नेम पुष्कळ घरांत आहे. एका पाहुण्यांच्या घरी पुरुष सारे कचेरीत गेलेले, तेव्हा कोहळा पाटावर मांडून टपालवाल्याची वाट पाहत बसत, असे ते गंभीरपणे सांगत. टपालवाला शिकून तयार झाला होता, म्हणे. पत्र नसले तरी डोकावून जाई.

अशा गोष्टींची देवघेव हा मध्यमवर्गीय मराठी घरांतील एक जुना करमणुकीचा प्रकार आहे, आणि आमच्या मते आपल्या विनोदी वाङ्मयाचा मोठा भाग त्याच्यातूनच वर आलेला आहे. विनोदाची चर्चा करणारे आपले टीकाकार कोटी, अतिशयोक्ती, विसंगती यांची मोजदाद करतात. घरातली गोष्ट कोण सांगत आहे आणि ती ज्याच्यावर घडली तो त्या वेळी कोठे बसला आहे, इकडे त्यांचे लक्ष सहसा जात नाही. ह्या लेखात आम्हांस तेवढेच पाहावयाचे आहे.

घराण्याच्या विक्षिप्त चाली हा विनोदाला हुकमी विषय का व्हावा, हे त्या चाली कशा जन्मतात हे पाहिले म्हणजे ध्यानी येते. श्राद्धाच्या दिवशी मांजर मध्ये मध्ये येते म्हणून एका गृहस्थाने ते पाटीखाली झाकून ठेवले. मुलाने ते पाहिले. नातवाच्या काळी घरात मांजर उरले नव्हते, तेव्हा श्राद्धासाठी शेजारचे मांजर मागून आणून पाटीखाली कोंडण्यात येऊ लागले, ही गोष्ट वाचकांनी कोठे ना कोठे ऐकली असेलच. कारण मरते आणि कृती जिवंत राहते. मात्र सर्वच चालींचे कारण मांजराइतके निरुपद्रवी नसते. ऐन सणाच्या दिवशी घरात मृत्यू झाला तर तो सण त्या घराला बंद होतो, आणि पुढे कधी त्याच तिथीला घरात मूल जन्मले किंवा गोठ्यात गाय व्याली तरच तो पुन्हा सुरू होतो, असा संकेत आपल्याकडे पुष्कळ कुळांत पाळला जातो. दोन-तीन पिढ्यांनंतर गेलेल्या माणसाचे नाव कोणासही आठवत नाही. 'आमच्याकडे पोळा नसतो' एवढे वाक्य उरते. ऐकणारा हसतो, सांगणाराही हसतो. त्या हसण्याच्या तळाशी एखादे प्रेत असते याची दोघांनाही वार्ता नसते.

घरातील माणसांची गाऱ्हाणी चारचौघांत मांडून हसविण्याची कला आपल्याकडे छापखान्याच्या पुष्कळ आधीची आहे. सोळाव्या शतकात एकनाथांनी आपल्या एका भारुडात अशी सून उभी केली, की जी भवानीआईला रोडग्याचा नवस बोलते आणि त्याच्या मोबदल्यात सासू, सासरा, जाऊ, नणंद अशी घरातील एकेक व्यक्ती वाटेतून दूर करण्याची मागणी करीत जाते. त्यातील अध्यात्म निरूपणकार उलगडून सांगतात आणि ते खरेही आहे. परंतु समोर बसलेल्या बायाबापड्या प्रथम हसल्या असतील त्या रूपकाला खास नव्हे. पुढे तमाशात बतावणीच्या वेळी सरदार आणि सोंगाड्या यांची जी प्रश्नोत्तरे झडतात, त्यांतही सोंगाड्याचे हुकमी भांडवल म्हणजे त्याचे घर, त्याचा बाप, त्याची बायको. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. भारुडातील सून सोंग घेतलेला पुरुषच असे, आणि सोंगाड्याची बायको तर फडावर कधी आलेलीच नसते.

छापील विनोदाची परंपरा श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपासून सुरू झाली असे मानण्यात येते व ते योग्यच आहे. वऱ्हाडात वकिली करणाऱ्या ह्या नाटककाराने १९०२ साली 'विविधज्ञानविस्तारा'त विनोदी लेख लिहिण्यास आरंभ केला. पुढे ते 'सुदाम्याचे पोहे' ह्या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे तीन मित्र एकत्र बसून सण, व्रते, लग्नकार्ये, शकुन-अपशकुन यांचा जो खल करतात, तो आमच्या काकांच्या फराळाच्या बैठकीचाच सुधारून वाढविलेला अवतार आहे. कोल्हटकरांची रीत वकिलाची आहे. समजुतीला ते प्रथम विरोध करीतच नाहीत. तिची बाजू घेतात, तिला आधार जमवितात, आणि ती ज्या टोकाला जावयास घाबरते तेथवर तिला अदबीने पोचवितात. सोवळे पवित्र असेल तर ते किती हातांवर संपते, शकुन खरा असेल तर तो मांजरालाही बांधील आहे की नाही, अशा मार्गाने चाललेला हा युक्तिवाद सुशिक्षित वाचकाला आपल्याच घरातील चालींकडे परक्याच्या डोळ्यांनी पाहावयास लावी. निबंध लिहून, व्याख्याने देऊन जे कार्य सुधारकांनी आरंभिले होते, त्याला ह्या तीन मित्रांनी मोठाच हातभार लावला.

तथापि, सुदाम्याच्या घरात आपण कितीही वेळा गेलो तरी तेथली माणसे आपल्या मनात घर करीत नाहीत. लक्षात राहतो तो युक्तिवाद. तिघेही मित्र आपल्या मूर्खपणाची साक्ष देतात खरी, परंतु त्यांच्यामागे उभे राहून शहाणा वकील हसतो आहे हे आपण क्षणभरही विसरत नाही.

कोल्हटकरांना गुरू मानणाऱ्या राम गणेश गडकऱ्यांनी 'बाळकराम' ह्या नावाने जे लिहिले, त्यात माणसे जागी झाली. ठकी नावाच्या कुरूप मुलीसाठी वर शोधावयास निघालेल्या मंडळींची त्यांनी जी फौज उभी केली आहे, तिच्यातील गडबड, मसलती आणि फजिती यांना मराठीत तोड नाही. आम्ही ते लेख अनेक वेळा वाचले आहेत आणि प्रत्येक वेळी हसलो आहोत. परंतु अलीकडे हसून झाल्यावर आमच्या मनात एक प्रश्न राहतो. साऱ्या पुरुषांनी मिळून चालविलेल्या ह्या मोहिमेत ठकीला काय वाटत होते? विवाहाच्या बाजारावर गडकऱ्यांचा रोख आहे, हे आम्ही जाणतो. पण बाजाराला हसताना मधल्या मध्ये ठकीलाही हसून घेतले गेले आहे, हे नाकारता येत नाही. गडकरी १९१९ च्या जानेवारीत अवघ्या तेहतिसाव्या वर्षी गेले. आणखी वीस वर्षे लाभती, तर त्यांनी ठकीला बोलते केले नसतेच असे कोणी म्हणावे?

सांगणारा स्वतः हास्यास्पद होण्यास खरोखर राजी झाला तो चिं. वि. जोशी यांच्या हाती. बडोद्यास पालीचे अध्यापन करणारे, जातकांचे आणि बौद्ध वाङ्मयाचे हे व्यासंगी अभ्यासक. त्यांच्या लेखणीतून चिमणराव उतरावा ही एक मौजच आहे; तथापि ज्याने आयुष्यभर जातककथा चाळल्या, त्याला माणसाची फजिती क्षमाशील नजरेने पाहता यावी यात फारसे नवल नाही. 'चिमणरावांचे चऱ्हाट' १९३३ साली पुस्तकरूपाने आले. चिमणराव दुबळा, भित्रा, हौशी आणि मनाने सरळ. त्याचा आतेभाऊ की मावसभाऊ म्हणून सतत पाठीशी उभा असणारा गुंड्याभाऊ धिप्पाड, तापट आणि मदतीला नको इतका तत्पर. घरात पत्नी काऊ, मुले मोरू, मैना आणि राघू. चिमणा, कावळा, मोर, मैना, पोपट असा हा साराच पक्ष्यांचा पसारा एका पिंजऱ्यात नांदतो, आणि ही नावे कोणी योजून ठेवली असे वाटूही नये इतक्या सहजपणे वाचक त्या घरात वावरू लागतो.

चिमणरावाच्या घरी जे घडते ते आपल्या घरी घडलेले असते. बहिणीचे लग्न जुळवावयाचे, पाहुण्यांची सरबराई करावयाची, नसत्या उद्योगात चार रुपये घालवून बसावयाचे आणि त्याचा जाब स्वयंपाकघरात द्यावयाचा. कोल्हटकरांच्या लेखात रूढी मूर्ख ठरते. चिमणरावाच्या घरात रूढी पाळणाराही ओशाळतो आणि मोडणाराही ओशाळतो. चिमणराव हे सर्व स्वतः सांगतो आणि आपली फजिती झाकून ठेवीत नाही, म्हणूनच त्याच्यावर राग धरता येत नाही. हा माणूस पुस्तकापुरता राहिला नाही. १९४० साली मास्टर विनायकांच्या 'लग्न पाहावे करून' ह्या बोलपटात दामुअण्णा मालवणकरांनी त्याला देह दिला, आणि १९७७ नंतर मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव व बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ पाहण्यासाठी, ज्या घरी दूरचित्रवाणी संच असेल त्या घरी सारी आळी गोळा होई. पन्नास वर्षांपूर्वीच्या घरातली फजिती त्या दिवाणखान्यांत जुनी वाटली नाही. येथेही काऊचे म्हणणे आपल्याला बहुधा चिमणरावांच्याच तोंडून ऐकू येते. तेवढे गालबोट राहते.

पुढील हकीकत सर्वांच्या परिचयाची असल्याने थोडक्यात सांगतो. १९५८ साली पु. ल. देशपांड्यांची 'बटाट्याची चाळ' प्रसिद्ध झाली आणि १९६१ पासून तिचे एकपात्री प्रयोग होऊ लागले. घरची गोष्ट चाळीची झाली आणि छापील पानावरून पुन्हा जिवंत आवाजात आली. पुढे 'असा मी असामी'त गिरगावातला एक कारकून आपल्या जन्माची चित्तरकथा स्वतःच्याच तोंडाने सांगू लागला. त्याच दशकात शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर हे तिघे एका व्यासपीठावर बसून गावोगाव कथाकथन करू लागले. एकाची गोष्ट संपावी, टाळ्या विराव्यात, आणि दुसऱ्याने सावकाश आपल्या गावचे माणूस बाहेर काढावे. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या यांची काल्पनिक बैठक साठ वर्षांनी अशी प्रत्यक्षात भरली. तिकीट काढून आलेला श्रोता हसून बेजार होई, आणि घरी जाताना वाटेत बरोबरच्याला आपल्या चुलत्याची गोष्ट सांगू लागे.

ह्या ओळीत एक नाव आम्ही मुद्दामच गाळले आहे. कालक्रमाने ते चिमणरावाच्या शेजारी येते. परंतु विनोदाच्या चर्चेत ते क्वचितच घेतले जाते, त्याची सोय आत्मचरित्रांच्या दालनात केलेली असते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ ह्या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या ह्या बाईंनी आपल्या माहेरची जी हकीकत सांगितली आहे, तिच्याइतके विक्षिप्त घर कोल्हटकरांच्या कल्पनेलाही सुचले नसते. वडिलांना सोवळ्याचे वेड. घरात येणारी वस्तू धुतल्यावाचून आत यावयाची नाही, आणि धुण्याला मर्यादा नाही. आई आणि मुले त्या पाण्यात सदा भिजलेली. लक्ष्मीबाई हे इतक्या सरळपणे आणि इतक्या मिस्कीलपणे सांगतात, की वाचणारा मोठ्याने हसतो.

पण त्या तेथे थांबत नाहीत. किंबहुना त्या आरंभच दुसरीकडून करतात. त्यांच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत फाशी झाली. त्या धक्क्यातून लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनात हे सोवळे शिरले आणि ते पुन्हा बाहेर पडले नाही. हे कारण वाचकाला आधीच ठाऊक असते, आणि तरी तो हसतो. धुण्याच्या त्या खटाटोपात काय धुतले जात नाही हे कळत असताना आलेले ते हसू असते. मांजराच्या गोष्टीत कारण हरवलेले असते म्हणून आपण हसतो. येथे कारण समोर उभे आहे. असे हसविणे आमच्या मते फार कठीण आहे, आणि लक्ष्मीबाईंना ते का साधले याचे उत्तर सोपे आहे. ते पाणी त्यांच्या अंगावर पडले होते. पुढे पती नारायण वामन टिळक यांचा विक्षिप्त उदारपणा, न सांगता घर सोडून जाणे, १८९५ मधील त्यांचे धर्मांतर आणि नंतरची ताटातूट हे सारे त्यांनी सोसले. आणि तेही सांगताना स्वतःचे सोवळे आपण किती चिकाटीने सांभाळले व ते कसे एकेका प्रसंगी गळत गेले, याला त्या सर्वांत अधिक हसल्या आहेत. ठकी बोलती झाली असती तर अशीच बोलली असती.

आमच्या काकांच्या बैठकीत वडिलांची आत्या नेहमी हजर असे. बालपणीच विधवा होऊन माहेरी परत आलेली. सारे घर तिला आत्याच म्हणे. पणजोबांची मिशी जळाल्याची गोष्ट रंगात आली की ती माजघराच्या उंबऱ्यावर बसून वाती वळीत ऐके आणि इतरांबरोबर हसे. एका वर्षी आम्ही शहरातून घरी गेलो होतो, चार बुके वाचल्याच्या तोऱ्यात आम्ही काकांना म्हणालो, "काका, ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणे शक्य नाही." काका म्हणाले, "मग तिसरी तू सांग." तेव्हा आत्या वातींवरून मान वर न करता म्हणाली, "तिसरी मी सांगते."

ती सांगू लागली. तिला एक थोरली बहीण होती, सात वर्षांची. धनत्रयोदशीच्या दिवशी आई करंज्या तळीत बसली असता ही मागून येऊन एकेक उचलून पळवी. दोनदा साधले. तिसऱ्यांदा आईने वळून पाहिले, ती दचकली, परकर कढईच्या कानात अडकला. पाडव्याच्या दिवशी ती गेली. "आणि मग," आत्या म्हणाली, "तिची वळकटी उचलताना आत दोन करंज्या निघाल्या. एक तिची, एक माझी. आमचा तसा करारच होता. माझी मी खाल्ली. तिची ठेवायची तरी कोणासाठी, म्हणून तीही खाल्ली. आईने पाहिले, पण मला मारले नाही. चोरी करून मार न मिळालेला तो एकच दिवस बघ." आणि आत्या हसली. तिचे ते हसणे खरे होते; त्यात कोणाला उत्तर देण्याचा किंवा कोणाला लाजविण्याचा हेतू नव्हता. आम्हांपैकी कोणालाही तिच्याबरोबर हसता आले नाही.

पुढल्या दिवाळीत फराळाला बसल्यावर बराच वेळ करंज्यांचा विषय कोणी काढला नाही. पाहुणे नवे होते. परात शेजारून येताना पाहून त्यांनी कारण विचारले. थोरले काका घुटमळले. तेव्हा आत्याच माजघरातून म्हणाली, "अरे, मिशीचे सांग की त्यांना." काकांनी सांगितले. उपरण्याचा भाग आला तेव्हा सर्वांच्या आधी तीच हसली.